‘कापणी सुरू’चं बटण

मंडळी, सकाळपासून डोक्यात किडा वळवळतोय.

आज चोपड्याजवळच्या आमच्या केळीच्या बागेत कापणी होती. व्यापाऱ्याच्या मोबाईल ॲपवर सकाळी भाव चांगला होता. गाडी वेळेवर यावी म्हणून मी त्यातलं ‘कापणी सुरू’ हे बटण दाबलं.

निम्मे घड उतरले आणि ॲपवरचा भाव घसरला! व्यापाऱ्याला फोन लावला, तर म्हणे, “दिल्लीत माल तुंबलाय, भाऊ.”

आता कापलेला घड परत झाडाला थोडाच लागतो? पडलेल्या भावातच गाडी भरून दिली.

माझे वडील, आबा, बांधावर बसून हे सगळं बघत होते. म्हणाले, “एसटीडीना जमानामां या व्यापारीस्ना माणूस आठेच बांधवर उभा ऱ्हाये. पहिला घड पडना, का तो गावमां फोन कराले जाये. मंग दिल्लीना भाव पडे.”

माझ्या मोबाईलकडे बोट दाखवून हसले. “त्या माणूसनं काम आते तूच करस.”

दिल्लीत खरंच माल तुंबला असेल, मी नाही म्हणत नाही. पण खरं सांगा, हे बटण दाबल्यावर तुमच्याकडे एकदा तरी भाव चढलाय का?