वनिताचा पासवर्ड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला तर नाहीच. गोष्ट सुरू झाली ती मुलीमुळे — नाही, असं म्हणणंही खोटंच. माझ्यामुळे सुरू झाली.

तलासरीजवळच्या एका कारखान्यात मी स्टोअरचा हेडक्लार्क होतो. डहाणूहून रोज जायचो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर स्वतःचं काम करायचं नाही, बाहेरचा पेनड्राइव्ह लावायचा नाही, पासवर्ड कुणाला द्यायचा नाही — या नियमांच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या होत्या. पहिली माझी.

वनिता शेजारच्या टेबलावर बसायची. गंजाडची, तिच्या पाड्यातून ऑफिसात लागलेली पहिली मुलगी. लेबलांच्या फायली छपाईवाल्याकडून पेनड्राइव्हवर यायच्या, म्हणून फक्त तिच्या लॉगिनवर तो चालायचा. एकदा ती रजेवर असताना लेबलं अडली, मालाची गाडी दिवसभर खोळंबली. परत आल्यावर तिनं पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मला दिला. "काका, अडीनडीला असू दे तुमच्याकडे." मी ती पाकिटात ठेवली. नियम आठवला नाही का? आठवला. पण सोयीचं होतं ना.

त्या वर्षी मुलीसाठी स्थळं बघत होतो. बायोडाटाच्या रंगीत प्रिंट हव्या होत्या. डहाणूत दुकानं नव्हती का? होती की. पण ऑफिसचा प्रिंटर समोर होता, आणि वनिता आईला दवाखान्यात घेऊन गेली होती. जेवणाच्या सुट्टीत स्टोअर रिकामं झालं. मी तिच्या खुर्चीत बसलो, माझा पेनड्राइव्ह लावला, प्रिंट काढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकही फाइल उघडेना. पेनड्राइव्हमधून व्हायरस शिरला होता.

मॅनेजर सरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. लॉगिन वनिताचं, वनिता रजेवर — मग बसलं कोण? ती जे होतं तेच बोलली.

"सर, पासवर्ड काकांकडे आहे. पण काका असं करणार नाहीत."

सर माझ्याकडे वळले. "होता तुमच्याकडे?"

चिठ्ठी माझ्या मागच्या खिशात होती.

"नाही, सर."

वनिता माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही — आपण काही भलतंच ऐकलं की काय, तसं. मग तिनं मान खाली घातली. भांडेल असं वाटलं होतं. भांडली नाही. माझी बावीस वर्षं नोकरी झालेली, तिची दोन. कुणाचं ऐकतील, हे तिला त्या क्षणी कळलं. मला आधीपासूनच ठाऊक होतं — त्याच भरवशावर तर बोललो होतो. आठवड्याभरात तिला काढलं.

इथवर भीती होती म्हणाल. पण पुढचं?

नवीन माणसं लागली की त्यांना कॉम्प्युटरचे नियम समजावण्याचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांना सांगायचो, "आमच्याकडे वनिता म्हणून एक मुलगी होती. पासवर्ड वाटत फिरायची. वर खोटं बोलली." नावानिशी सांगायचो. दरवेळी जरा जास्त सफाईनं. निवृत्त होईपर्यंत सांगत राहिलो — कुणी सांगितलं होतं मला?

शेवटच्या वर्षी एक मुलगी ऐकता ऐकता हळूच म्हणाली, "सर, वनिताताई आमच्याच पाड्यातली. ती खोटं नाय बोलत."

मी हसलो. हो, हसलो. आणि पुढचा नियम वाचायला घेतला.

वनिता आता चारोटीला हायवेवरच्या एका हॉटेलात भाकऱ्या थापते, असं त्याच मुलीकडून कळलं. त्या रस्त्यानं मी कितीदा तरी गेलोय. उतरलो नाही.

पासवर्ड माझ्याकडे होता. त्या दुपारी तिच्या खुर्चीत मी बसलो होतो.