पत्राची पोच

शिक्षकांसाठी निघणारं न्यूजलेटर जगात कुठलंही असो, त्याच्या यादीत आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांचं नाव नाही, हे शक्यच नव्हतं. मुलुंडच्या आमच्या मराठी शाळेत प्रयोगशाळेच्या कपाटाला धड कडी नाही, पण सरांना मात्र सातासमुद्रापलीकडच्या शाळांत या आठवड्यात लोहचुंबक कसा शिकवतायत याची खडान्‌खडा माहिती असायची. सोमवारी प्रयोगांचं न्यूजलेटर, बुधवारी गणिती कोड्यांचं, शुक्रवारी फुकट छापून घ्यायच्या तक्त्यांचं, आणि एक कुठल्याशा थंड देशातलं, जे मनात येईल तेव्हा यायचं. सर पहाटे उठून ही सगळी वाचत आणि पावणेसहाच्या ठोक्याला आम्हा शिक्षकांना पुढं पाठवत. वर विषय ठरलेला: ‘अवश्य वाचणे’.

मी पाचवीची वर्गशिक्षिका. खरं सांगायचं तर मी ती न उघडताच पुसून टाकायचे. स्टाफरूममध्ये सर डबा उघडता उघडता विचारत, “वाचलंस गो?”

“हो सर, झकास होतं.”

“आणि खालची लिंक? तीपण उघडून बघितलीस?”

“बघितली ना.”

“कमाल आहे. ती मुद्दाम मोडकी पाठवली होती.” असं म्हणून ते शांतपणे भाकरीचा तुकडा मोडत. चेहऱ्यावर राग नसे, परीक्षेत कॉपी पकडल्यावर होतो तो निर्मळ आनंद असे. फक्त एकदा, निवृत्तीला वर्ष उरलं होतं तेव्हा, ते हळूच म्हणाले, “मी गेल्यावर यातलं कुणीतरी वर्गात करायला हवं गो. नाहीतर एवढं वाचलं कशाला?” मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशीचं पत्रही पुसलं.

ते स्वतः मात्र वाचलेलं सगळं करायचेच. एका न्यूजलेटरात होतं, तास संपताना प्रत्येक मुलानं आज काय शिकलो ते चिठ्ठीवर लिहून द्यावं, हेच त्याचं बाहेर पडायचं तिकीट. सर दारात उभे राहिले आणि बिनतिकीट एकालाही सोडेनात. पुढचा तास माझा. मी पंधरा मिनिटं बाहेर ताटकळत. एका पठ्ठ्यानं तिकिटावर लिहिलं होतं, ‘आज मी शिकलो की सरांच्या तासाआधी लघवीला जाऊन यावं.’ सरांनी ती चिठ्ठी जपून ठेवली. म्हणाले, “अनुभवातून शिकलाय, उत्तर बरोबर आहे.”

त्या थंड देशाच्या पत्रात एकदा बाहेर पडलेला बर्फ वर्गात आणून तो वितळताना मोजायचा प्रयोग आला. मुलुंडमध्ये बर्फ कुठून पडणार? पण सर हटणारे नव्हते. थेट मासळीबाजारात गेले आणि ओळखीच्या मावशींकडून टोपलीभर बर्फ घेऊन आले. प्रयोग उत्तम झाला, निरीक्षणं व्यवस्थित लिहिली गेली, फक्त सातवी ‘ब’ला आठवडाभर बांगड्याचा वास येत राहिला. आमच्या मुख्याध्यापिका पक्क्या शाकाहारी. नाकाला पदर लावून त्या दारातूनच म्हणाल्या, “सर, पुढचं न्यूजलेटर आधी मला दाखवा.” दुसऱ्या दिवसापासून सर त्यांना रोज तीन पाठवू लागले.

पण या सगळ्यावर ताण म्हणजे सरांची पोच. आलेल्या प्रत्येक न्यूजलेटरला ते उत्तर लिहीत. सप्रेम नमस्कार, आपले पत्र पोचले, अमुक खेळ सातवीत करून पाहिला, मुलं अशी अशी म्हणाली. भाषा इंग्रजी, पण नमस्कार आपला. मी एकदा म्हटलं, “सर, ही पत्रं यंत्र पाठवतं. तिकडं तुमचं उत्तर वाचायला कुणी बसलेलं नाहीये.”

“नसू दे. मालवणहून आलेल्या प्रत्येक कार्डाला आमचे वडील पोच द्यायचे. पत्र आलं की पोच द्यायची, वाचायचं की नाही ते त्यांनी बघावं.” एकदा ‘या पत्त्यावर उत्तर पाठवू नये’ असं छापील उत्तर आलं, तर सरांनी ‘कळवल्याबद्दल आभारी आहे’ म्हणून त्याचीही पोच दिली.

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. निरोपाच्या दुसऱ्या दिवशी लॅपटॉप काखोटीला मारून स्टाफरूममध्ये हजर. म्हणाले, “नाव कमी करायचं बटण कुठं असतं गो? हे सगळे विचारतात, सध्या कितवीला शिकवता? आता खोटं काय सांगू?”

मी शेजारी बसले. एकेका यादीतून नाव कमी होऊ लागलं, शाळा सोडून जाणाऱ्या मुलाचं पटावरून करतात तसं. शेवटचं त्या थंड देशाचं. त्यांनी कारण विचारलं होतं. पत्रं फार येतात, उपयोग होत नाही, असे पर्याय होते. सरांनी ‘अन्य’वर खूण केली आणि एका बोटानं टाइप केलं, ‘मी आता वर्गावर नाही.’ मग नेहमीप्रमाणे खाली नमस्कार लिहिला. मला रडू आलं आणि स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्याच दिवशी मी त्या सगळ्या याद्यांत माझं नाव घातलं. पहिलं पत्र आलं ते पावणेसहाला सरांना पुढं पाठवलं. विषय: ‘अवश्य वाचणे’. चहा होईपर्यंत उत्तर हजर. ‘सप्रेम नमस्कार. पत्र पोचले. तिसरा खेळ पाचवीला जमेल. मागच्या बाकापासून सुरुवात कर.’

खेळ साधाच होता. घरातल्या एखाद्या वस्तूबद्दल प्रत्येकानं एक प्रश्न आणायचा, उत्तर आणायचं नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी वर्षभरात वर्गात एक शब्द बोलली नव्हती. ती उठली आणि म्हणाली, “बाई, कुकरची शिट्टी थांबून थांबून का होते? सलग का नाही?” वर्गात मग जो गलका झाला, तो शेजारचे शिक्षक येईपर्यंत थांबला नाही. हे सगळं, त्या मुलीच्या प्रश्नासकट, मी संध्याकाळी सरांना दोन पानं भरून लिहिलं.

त्या पत्राची पोच दोन दिवस आली नाही. सरांकडून असं कधी झालं नव्हतं, मी फोनच करणार होते. तिसऱ्या दिवशी पहाटे एकच ओळ आली. नमस्कार वगैरे काही नाही, नुसतंच, ‘पत्र पोचलं गो.’