ताईचं स्टूल

फोन आला तेव्हा मी कुम्हारीहून बसने परतत होतो. रिसालीला बाबांच्या घराशेजारी राहणाऱ्या बाई हिंदीत एवढंच म्हणाल्या, दीदी नहीं रहीं... माझी थोरली बहीण नलूताई सकाळी भाजी निवडता निवडता गेली. महिना उलटला, पण त्या घरात शिरताना मी अजूनही चपला आवाज न करता काढतो. ती शिस्त तिचीच.

ताई दक्षिणेतल्या एका उपग्रह केंद्रात होती. यानांचा माग ठेवायचा, त्यांची तब्येत विचारायची, हुकूम पाठवायचे, हे तिचं काम. गल्लीत सगळे तिला रॉकेटवाली दीदी म्हणत आणि ती वैतागायची. “मी रॉकेट सोडत नाही रे, सोडल्यावर निस्तरते!” पृथ्वी फिरते, यान एका केंद्राच्या नजरेआड जातं, मग दुसऱ्या देशातलं केंद्र त्याला धरतं. “पण त्यांनी धरलं असं कळल्याबिगर आमी सोडत नाही,” हे सांगताना तिचा चेहरा सासरी निघालेल्या मुलीच्या आईसारखा व्हायचा. ती कामाच्या पाळीवर असताना बाबांचा फोन गेला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, जेवली का?

निवृत्तीनंतर ती बाबांकडेच राहायला आली. बाबा रेल्वेतले, सगळी नोकरी दुर्ग लाइनवर. त्यांना लकवा झाला आणि वाचा गेली असं आम्ही धरूनच चाललो. पाणी देऊ? चहा? दुखतं का? आमचा भडिमार सुरू झाला की ते भिंतीकडे तोंड फिरवत. ताईने एक दिवस सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, पंखा बंद केला, पलंगाशी स्टूल ओढलं, एकच प्रश्न विचारला आणि गप्प बसली. कितीतरी वेळ... दारात उभ्या मलाच अवघडल्यासारखं झालं. मग अगदी बारीक आवाज आला, “खिडकी.” त्यांना खिडकी उघडून हवी होती.

“दूरच्या यानाले निरोप पोचालेच वेळ लागते, दिनू,” ती नंतर म्हणाली. “उत्तर येते तेबी बारीक. म्हणून तर ते ऐकाले एवढ्या मोठ्या थाळ्या लावतो आमी. बाबा बोलून राहिले, तुमी थांबून नाही राहिले.”

तेव्हापासून बाबा तिच्याशी बोलत. आमच्याशी क्वचितच; आमच्यात तेवढा दम कुठला? एवढी शिकलेली बाई, पण तिचं सगळं मोठेपण मला त्या गप्प बसण्यात दिसलं.

तिला स्मशानात पोचवून आलो आणि बाबांना सांगायची वेळ आली. ते आता कायमचे भिंतीकडे वळतील, याचीच मला धास्ती होती. पंखा बंद केला. स्टुलावर बसलो.

“बाबा, ताई गेली.”

पुढे समजूत घालायला शब्द ओठांवर आले होते, ते गिळले. बसून राहिलो. बऱ्याच वेळाने त्यांचे ओठ हलले, तसा मी कान जवळ नेला.

“जेवली होती का?”

“हो, बाबा,” म्हणालो आणि पुन्हा थांबलो.

आता ड्युटी सुटली की मी जामुलला माझ्या घरी न जाता आधी रिसालीला जातो, स्टूल पलंगाशी ओढतो. ताईला एवढंच कळवायचं राहून गेलं... बाबांना धरलं मी.