चढावरची नदी

पदवी झाल्यावर मी घरात थर्माकोलचे डोंगर करायला लागले, तेव्हा धामणगाव बढ्यात सगळ्यांना वाटलं, हिचं डोकं फिरलं. एक खेळ असतो, त्यात चार-पाच जण टेबलाभोवती बसून एक गोष्ट खेळतात, जो तो एकेक पात्र होतो, फासे पडतील तसं पुढचं घडतं. त्या पात्रांच्या बोटभर बाहुल्यांना उभं राहायला मुलूख लागतो, तो मी करते. बाबांना हे समजावून मी थकले. शेवटी ठरलं, पहिली ऑर्डर नीट गेली तर हेच काम, नाहीतर मुकाट्यानं बँकेच्या परीक्षेचा क्लास.

ऑर्डर पुण्याची होती. एक दरी, गाव, टेकडीवर गढी. मी पंधरा दिवस खपले. पुट्टीचे कडे, रंगवलेल्या भुशाचं गवत आणि गढीला वळसा घालणारी निळी नदी. त्या नदीवर तर मी स्वतःच फिदा होते.

बाबा शेतातून आले, पाण्याचा लोटा हातात घेऊन वाकून बघत राहिले.

"ही नदी चढावर कशी जाऊन राह्यली वं?"

"जादूचा मुलूख हाय बाबा तो."

"जादू असन. पानी तं पानीच हाय ना?" म्हणत त्यांनी लोटा सरळ गढीवर ओतला. पाणी नदी सोडून गावात शिरलं, रंग ओघळला, गवत तरंगलं. "पाय, बुडलं तुहं गाव."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रडलेही. वरून रंग मारला असता तर पुण्यात कुणाला कळणार होतं? पण आता मला कळलं होतं, तेच वाईट. नदी सुरीनं खरवडून काढली. हातात सहा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या मागे शेतात गेले. आमचं रान उताराचं. बांधाशी उकिडवी बसून वाळलेल्या गाळाच्या रेघा वहीत उतरवल्या, पाणी कुठे थांबतं, बांध कुठून फोडतं, सगळं. घरी येऊन दार लावून घेतलं. गाव वर नेलं, नदी खाली आणली, काठाला एक फुटका बांध घातला.

बुलढाण्याहून पार्सल पाठवायच्या दिवशी सकाळी मी लोटा काठोकाठ भरून त्यांच्यापुढे धरला. "ओता."

बाबांनी लोटा घेतला. गढीपासून खालपर्यंत बोटानं उतार चाचपला, बांधापाशी जरा थांबले. मग ते सगळं पाणी उभ्याउभ्या पिऊन टाकलं.

"बुलढान्याची बस कवा हाय?" त्यांनी विचारलं. "खोकं मी धरतो."