कॅसेटच्या पुढे चालणारा माणूस

मानवतच्या झंकार ब्रास बँडमध्ये राधाकिशन बावीस वर्षं साइड ड्रम वाजवत होता. वाजवत होता त्याहून जास्त, तो वरातीच्या सगळ्यांत पुढे चालत होता. पुढे तो, मागे क्लॅरनेट घेऊन बन्सीधर मास्तर आणि त्यांच्यामागे बाकीचे सात जण. १९८८च्या दिवाळीनंतर मास्तरांचा पुतण्या वाल्मीक औरंगाबादहून कॅसिओचा कीबोर्ड घेऊन आला. एक बटन दाबलं की त्यातून ड्रम वाजायचा, दुसरं दाबलं की डिस्को. मास्तरांनी लगेच कॅसेट काढायचं ठरवलं. परभणीच्या एका बँडची कॅसेट निघाल्यापासून पोखर्णी गावच्या लग्नांच्या सुपाऱ्यासुद्धा तिकडे जाऊ लागल्या होत्या.

"कॅसेटीत ड्रमची गरज न्हाई," मास्तर राधाकिशनला म्हणाले. "लग्नसराईचं मग बघू."

या 'मग बघू'चा अर्थ राधाकिशनला कळला. घरी त्याची बायको पारूबाई, तिलाही कळला.

"बटन दाबलं की वाजायलंय म्हणं. मग तुमचं काय काम?"

"बटनाला वरातीच्या पुढं चालता येतंय का?"

"न्हाई. पर त्याला जेवायबी लागत न्हाई."

रेकॉर्डिंगचं बोलावणं त्याला नव्हतं. तो गणवेश घालून, ड्रम गळ्यात अडकवून गेला. जागा होती एका जिनिंगचं कापसाचं गोदाम. आवाज घुमू नये म्हणून भोवती काहीतरी मऊ हवं, असं परभणीहून आलेल्या लाऊडस्पीकरवाल्या सितारामचं म्हणणं होतं आणि त्या दिवसांत मानवतात मऊ म्हणजे कापूसच. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद पुकारलेला असल्यामुळे जिनिंगची यंत्रंही गप्प होती.

"काका, कॅसेटीत कपडे दिसत न्हाईत," वाल्मीक म्हणाला.

"मला दिसत्यात," म्हणून राधाकिशन कापसाच्या ढिगाला टेकून बसला.

मधोमध एकच माईक. शेजारी कॅसिओ, समोर खुर्चीवर मास्तर. वाल्मीकने बटन दाबलं, डिस्को सुरू झाला आणि अर्ध्या ओळीत मास्तरांची बोटं अडकली. बसून वाजवायची सवयच नव्हती. खुर्ची काढली. उभ्याने सुरुवात केली तर पाय आपोआप निघाले आणि मास्तर वाजवत वाजवत दारापर्यंत गेले. मागोमाग सगळा बँड गेला.

सितारामने टेप थांबवली. "मास्तर, गाणं बाहेर मोंढ्यात चाललं."

मग पाय जागेवरच हलवायचे ठरलं. तरी कुठली ओळ पुन्हा घ्यायची आणि कुठे पुढे जायचं, हे मास्तरांना कळेना. कॅसिओ कुणासाठी थांबत नव्हता. मास्तर दर ओळीला मान उंचावून समोर काहीतरी शोधायचे. समोर कापूस होता.

राधाकिशनच्या हे पहिल्याच खेपेला लक्षात आलं होतं. बावीस वर्षं मास्तरांनी त्याच्या पाठीकडे बघून वाजवलं होतं. नवरदेवाचे मामा नाचायला लागले की तो काडी वर करायचा आणि मास्तर तीच ओळ पुन्हा घ्यायचे. काडी खाली आली की पुढची. पण त्याला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तो शेंगा खात बसला. पाचव्यांदा टेप मागे घेताना मास्तर म्हणाले, "राधाकिशन, जरा पुढं चाल."

"ड्रम वाजवत?"

"वाजवायचा न्हाई. नुसतं चाल."

"नुसतं चालायला मी काय नवरदेवाचं घोडं हाय?"

"आरं, तुझी पाठ पाहिजे मला."

"पाठ एकटी येत न्हाई, मास्तर. आज आली तर लग्नसराईलाबी आख्खा येईन."

वाल्मीक हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी सितारामकडे पाहिलं. तो परभणीला परत कसं जायचं याचा विचार करत घड्याळ बघत होता.

"बरं, ये लग्नसराईला," मास्तर म्हणाले.

"जरा मोठ्यानं म्हणा. वाल्मीकलाबी ऐकू जाऊ द्या."

मास्तरांनी मोठ्याने म्हटलं.

सितारामने माईकभोवती खडूने गोल आखला. राधाकिशन गळ्यात ड्रम, हातात काड्या, पण आवाज न करता त्या गोलावरून चालू लागला. मागे मास्तर, मागे सात जण. मध्ये वाल्मीक देवळातल्या मूर्तीसारखा आणि भोवती बँडची प्रदक्षिणा. दोन बाजूंना मिळून आठ गाणी झाली. सहाव्या गाण्यापर्यंत वाल्मीकही बटनाऐवजी काडीकडे बघू लागला होता.

कॅसेट आली तेव्हा पारूबाईने शेजारून टेप मागून आणला.

"यात तुमचा आवाज कुठं हाय?"

"थांब." राधाकिशन कान देऊन बसला. "हां. हितं वळलो."

"मला न्हाई आलं ऐकू."

"हे बघ, परत वळलो."

कॅसेटची बाजू संपेपर्यंत तो वळत राहिला. पारूबाई मध्येच उठून भाकरी थापायला गेली.

सराईतलं पहिलं लग्न पोखर्णीचं होतं. कॅसिओ, बॅटरी आणि वाल्मीक हातगाडीवर चढले. निघायचं का, असं गाडी ढकलणाऱ्याने वाल्मीकला विचारलं.

"मला कामून विचारतोस?" वाल्मीक म्हणाला. "काकाला निघू दे."