पंचनाम्यात नसलेल्या बल्ल्या

ती घटना आजही आठवली की ठेकेदारापेक्षा माझाच मला जास्त राग येतो.

नव्वदनंतरची वर्षं. उज्जैनमध्ये वीतभर जागा असलेला प्रत्येक जण लॉज बांधायला निघाला होता. देवास गेटजवळ अशाच एका लॉजचा ताजा छज्जा कोसळला आणि खाली वाळू चाळणारा मजूर जागीच गेला. छज्जा ओतणारा मिस्त्री हा मृताचा सख्खा थोरला भाऊ.

मी ठाण्यात उपनिरीक्षक. पंचनामा मीच केला: विटा, घमेली, चाळणी, वाकलेल्या सळया. तेवढ्यात ठेकेदार आपल्या इंजिनिअरचा लेखी खुलासा घेऊन हजर. प्लिंथ, लिंटेल, कॅन्टिलिव्हर, सेंटरिंग, क्युरिंग! मला त्यातलं ओ की ठो कळेना. पण खुर्चीत बसून तसं कबूल कसं करायचं? शेवटचं वाक्य तेवढं समजलं: मिस्त्रीने न विचारता, मुदतीआधी सेंटरिंग काढलं. झालं, संध्याकाळी मिस्त्री इंदूरहून परतला तोच कोठडीत.

तो बोलायला तोंड उघडायचा आणि मी खेकसायचो, "जितकं विचारलं तितकंच बोल!" माणूस बऱ्हाणपूरकडचा, माझ्यासारखाच मराठी बोलणारा. परगावचा म्हणून जामीनदारही मिळेना.

तिसऱ्या दिवशी वरिष्ठांनी केस डायरी परत पाठवली. सेंटरिंग म्हणजे काय ते लिहा, कोर्ट विचारेल. ठेकेदाराला फोन केला तर म्हणे, "टेक्निकल चीज़ है साहब, आप मत उलझिए." डोकंच फिरलं. शेवटी मिस्त्रीलाच टेबलासमोर बसवलं.

त्याने रजिस्टरांची चळत रचली आणि मधलं एक अर्धं बाहेर ओढलं. "हा छज्जा. एका बाजूने भिंतीत अडकलेला, बाकी अधांतरी. कॅन्टिलिव्हर म्हणतात ते हेच." त्याखाली दोन पेन्सिली उभ्या केल्या. "या बल्ल्या, त्यांच्यावर फळ्या. ही सेंटरिंग. माल पक्का होईतो सगळं वजन हिच्यावर. वरून रोज पाणी मारायचं, ती तराई. इंजिनिअर तिला क्युरिंग म्हणतो."

"आणि प्लिंथ, लिंटेल?"

"जोतं, अन् दरवाज्यावरची पट्टी. त्यांचं इथे काय काम, साहेब? कागद भरायला लिहिलंय." मग हळूच म्हणाला, "मी सेंटरिंग खोलली असती तर बल्ल्या तिथेच पडलेल्या असत्या ना? तुम्ही बघितल्या?"

मी पंचनामा उघडला. घमेली मोजून लिहिली होती. बल्ली एकही नव्हती.

"साहेब, याच ठेकेदाराची दुसरी साइट फ्रीगंजमध्ये चालू आहे," हवालदार म्हणाला. हे आत्ता सांगतोस, म्हणून मी त्याच्यावरही ओरडलो.

फ्रीगंजच्या स्लॅबखाली बल्ल्या होत्या आणि मिस्त्रीने आपल्या बल्ल्यांची खूण म्हणून सांगितलेली गेरूची फुली प्रत्येकीवर होती. चौकीदार दोन प्रश्नांत मोकळा झाला. "उसी दिन सुबह सेठ खुद ट्रॉली में भरवा के लाए. मिस्त्री को तो टाइल लेने इंदौर भेज दिया था." ठेकेदाराला ठाण्यात बसवलं, तेव्हा अर्धा तास उडवाउडवी करून शेवटी माझ्यावरच वैतागला. "एक ही सेट है साहब, दो साइट कैसे चलाता?"

मिस्त्रीला सोडताना मी कुरकुरलो, "हे पहिल्याच दिवशी सांगायचं होतंस."

"पहिल्या दिवशी मी दोन तास मागत होतो, साहेब," तो म्हणाला. "भावाला अग्नी द्यायला."

पोलिसाला सगळंच यावं असं नाही. जे येत नाही ते समोरच्याला विचारावं, आणि तो बोलू लागला की आपण गप्प बसावं. मी हे शिकलो तोवर त्या पोराला अग्नी साइटवरच्या एका मजुराने देऊन झाला होता.