सतरावी काडी

सरांनी टोपली उचलली, माझ्या डोक्यावर पालथी घातली आणि म्हणाले, "आते उभा ऱ्हाय. सुटी व्हस तोपावत."

सुटी व्हायला अजून तीन तास होते.

टोपली खांद्यापर्यंत आली. पाचवीतलं डोकं, ते केवढं असणार! आतून मला सगळं दिसत होतं, बारीक फटींमधून. सरांचे बूट. व्हरांडा. हसणाऱ्या पोरांच्या दातांची एक लांब रांग. मी मात्र कुणाला दिसत नव्हतो. नाटकात पडद्यामागे उभा असलेल्या माणसासारखा. फरक एवढाच, की त्या माणसाला पडदा उघडणार हे माहीत असतं.

गुन्हा काय केला होता? चित्र काढलं होतं.

आश्रमशाळेत चित्रकलेचा तास महिन्यातून एकदा व्हायचा. सरांनी टेबलावर टोपली ठेवली, तिच्यात दोन केळी ठेवली आणि सांगितलं, "समोर आहे तसं काढा." पोरांनी काढलं. टोपलीचं पोट, टोपलीचा काठ, वर केळी. मी काढलं एक गोल. मधोमध एकमेकींवर आडव्या-उभ्या टाकलेल्या काड्या, तिथून चहूकडे निघालेल्या, आणि त्यांच्यात फिरणारी पट्टी. म्हणजे टोपलीचं बूड. केळी काढलीच नाहीत. बुडातून केळी कशी दिसणार?

आम्ही कोटवालिया. बांबू चिरतो, विणतो, बाजारात विकतो. आमच्या घरात टोपली बुडापासून सुरू होते. आई पायाच्या तळव्याखाली काड्या दाबून धरायची आणि पट्टी फिरवायची. मी रांगत होतो तेव्हापासून टोपली अशीच पाहिली होती, जमिनीवर पसरलेली, सूर्यासारखी. पोट आणि काठ हे नंतरचं. त्यामुळे कुणी म्हणालं "टोपली काढ", तर माझा हात बुडाकडेच जाणार.

सर शहाद्याकडचे, सपाटीवरचे. शिकवताना पुस्तकी मराठी, रागावले की अहिराणी. माझा कागद त्यांनी दोन बोटांत उचलून वर्गाला दाखवला.

"हाई काय काढं रे? टोपली शे का कोळीनं जाळं?"

वर्ग हसला.

"तुन्ही माय टोपल्या इकस ना बजारमा? आन् तुलेच टोपली दिसत नही?"

वर्ग आणखी हसला. कुणीतरी आमच्या जमातीचं जुनं, घाण नाव घेतलं. हसणारे सगळे डोंगरातलेच होते, माझ्यासारखेच अनवाणी. पण आमच्या हातचं पाणी त्यांच्या घरात चालत नव्हतं. टोपली चालायची.

मग ती डोक्यावर आली. अंधारात मी काठ चाचपला. काठ दुहेरी बांधलेला होता. आमच्या पाड्यात दुहेरी काठ एकच बाई बांधायची. शाळेनं ती टोपली खापर गावच्या बाजारातून आणली होती. माझ्या आईकडून.

तीन तास मी माझ्या आईच्या टोपलीत उभा होतो.

त्यानंतर मी चित्र काढलं नाही. सातवीत शाळा सोडली, विणायला बसलो. लग्न झालं, पोरी झाल्या, त्यांनी पाटीवर मोर काढायला सांगितला तर मी म्हणायचो, "आईला सांगा." हात पुढं जायचाच नाही. जिथं रेघ ओढायची वेळ येईल तिथून मी उठून जायचो, बिडी ओढायच्या निमित्तानं. खरं तर मी बिडी ओढत नाही.

तीस वर्षांच्या वर गेली अशी.

मग दोनेक वर्षांपूर्वी धडगावला प्रशिक्षण निघालं. बांबू कारागिरांसाठी, एक महिना. जीपमध्ये आत चौदा, मागं लटकलेले तीन, त्यातला एक मी. घाटात प्रत्येक वळणावर मी देवाला एक-एक कोंबडी कबूल केली. पोचलो तेव्हा देवाचं पोल्ट्री फार्म झालेलं होतं.

शिकवायला पुण्याच्या एका संस्थेच्या मॅडम होत्या. तिशीच्या, गोड बोलणाऱ्या. सगळ्यांना काका, मावशी म्हणायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी कोयता नाही, पेन्सिल हातात दिली. मी उठलो. बिडीचं निमित्त सांगितलं. दारापर्यंत गेलो. मागं त्या फळ्यावर बोलत होत्या.

"एका वस्तूची तीन चित्रं असतात. वरून दिसणारं, बाजूनं दिसणारं आणि खालून दिसणारं."

मी दारातून वळलो. "खालून?"

"हो काका."

"खालून दिसतं तेही चित्र असतं?"

"असतंच की! विणकामात तर तेच सगळ्यात महत्त्वाचं. कॉलेजात आधी तेच शिकवतात."

मी हसलो. एवढा हसलो की लोकांनी पाणी आणलं. मग हॉलच्या मागं गेलो, पाण्याच्या टाकीला टेकलो आणि रडलो. ओरडून रडलो. पाचवीतला पोरगा बरोबर होता, हे आता कुणाला जाऊन सांगू? सर राहिले नव्हते. ती पोरं कुठं कुठं पांगली होती, कुणी सुरतेला, कुणी उसाच्या तोडीला. माझं चित्र बरोबर होतं आणि ऐकायला कुणी नव्हतं.

डोळे पुसून आत गेलो आणि पेन्सिल घेतली.

त्यानंतर मला वेड लागलं, दुसरा शब्द नाही. कोंबडी काढली. जीपची मागची बाजू काढली, लटकलेल्यांसकट. बायको भाकरी थापत होती, तिचं कोपर काढलं. तिनं वाकून पाहिलं. आमच्या बोलीत नवऱ्याला अहो-जाहो नसतं, ती सरळ म्हणाली, "हे माझं कोपर? ही तर भेंडी आहे. पन्नाशीला आलास आणि पेन्सिल चाटतोस, पोरींनी पाहिलं तर काय म्हणतील?" पोरींनी पाहिलंच होतं. त्या भेंडीचं चित्र मागत होत्या.

गंमत पुढं आहे. जन्मभर बांबू विणला, पण विणलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. हात पाहत होते, डोळे नाही. चित्र काढायला बसलो की थांबावं लागतं. ही पट्टी कुठून आली? कुणाच्या खालून गेली? अशी एकेक गाठ उलगडत गेली आणि मला कळलं की आमच्या घरात केवढी हुशारी पडून आहे. गाळणी, सूप, मासे धरायचा सापळा, आणि आईची बियाण्याची टोपली, झाकणाची, जिच्यात मुंगीसुद्धा शिरत नाही. ती टोपली पाड्यात फक्त आईला यायची. आणि आईची बोटं तोवर वाकडी झाली होती. तिला कोयता धरता येत नव्हता.

मी तिच्यासमोर बसलो. ती सांगायची, मी विणायचो, थांबायचो, काढायचो. बियाण्याच्या टोपलीच्या बुडात तिनं मधापासून चहूकडे सोळा काड्या निघतील अशा टाकायला लावल्या आणि म्हणाली, "आता एक चीर."

"चांगली काडी कशाला चिरू?"

"सोळांत पट्टी फिरव. पहिल्या काडीच्या वरून, दुसरीच्या खालून. फेरा पुरा झाला की परत पहिलीच्या वरूनच येते ना? मग विण बसेल कशी? सगळी सुटून येईल. एक काडी टोकापासून मधापर्यंत उभी चिर, दोन होतील. सतरा झाल्या. आता या फेऱ्याला जिच्या वरून गेली, पुढच्याला तिच्या खालून जाईल. घट्ट बसेल."

मी मोठ्या पाट्या विणतो. त्यांत मी वरून जास्तीची काडी खुपसून द्यायचो. तिथं कोपरा राहतो, तिथून मुंगी शिरते. आईच्या टोपलीत कोपरा नव्हता. चाळीस वर्षं तिच्या शेजारी बसून मला हे दिसलं नव्हतं. पेन्सिलीनं दिसलं. मी ती चिरलेली काडी वहीत जपून काढली. एका बुंध्यातून दोन रेघा, अगदी शेजारी-शेजारी.

असा सगळा हिवाळा गेला. शंभर पानी वही भरली. मग एका सकाळी आई उठली नाही. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. डोळे तेवढे आमच्यामागं फिरतात. तिच्या हातातलं जे होतं ते आता फक्त त्या वहीत होतं.

मॅडम घरी आल्या. आईजवळ बसल्या, तिचा हात हातात घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते खोटं नव्हतं. मग वही पाहिली. एक पान, दुसरं पान. "काका, ही मला द्या. फोटो काढते, दोन दिवसांत परत."

मी दिली. कापडात गुंडाळून दिली.

दोन दिवसांचे चार महिने झाले. मग फोन आला. नंदुरबारला प्रदर्शन आहे, काका, बांबू आणि कोयता घेऊन या.

मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. संस्थेच्या एका माणसानं माझ्या हातात पिशवी ठेवली. आत लंगोट, मोरपिसांचा टोप आणि कमरेला बांधायचे वाळलेले दुधी. हा होळीत नाचणाऱ्यांचा साज. व्रत धरतात, जमिनीवर झोपतात, मग तो अंगावर चढतो. टोपली विणायला हा कुणी घालत नाही.

"हे माझं नाही," मी म्हणालो.

"काका, लोकांना तेच बघायचं असतं. पाच मिनिटांचं काम."

मी शर्ट काढला. होय, काढला. हेही सांगायला हवं. डोक्यावर टोपली आली तेव्हा मी लहान होतो, मार खाईन म्हणून गप्प राहिलो. इथं कुणी मारणार नव्हतं. वही मिळेल, एवढ्या आशेवर मी भर हॉलमध्ये लंगोट नेसून चटईवर बसलो.

भिंतीवर माझी चित्रं होती. माणसाएवढी उंच. रेघा साफ, काळ्याभोर. क्षणभर छाती भरून आली. मग खालची ओळ वाचली. "संशोधन व रेखाटन", आणि पुढं मॅडमचं नाव. आईच्या वाकड्या बोटांचा फोटो होता. त्याखाली लिहिलं होतं, "कारागीर महिला."

हार घातलेले एक साहेब आले. मॅडम त्यांना माझ्यासमोर घेऊन आल्या. "यांच्या हातात हे परंपरेनं आलंय, सर. विचार करावाच लागत नाही. हात आपोआप चालतात."

"वा," साहेब म्हणाले आणि माझ्याकडे पाहून मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं म्हणाले, "छान! छान!"

मी मान खाली घालणार होतो. पण नजर समोरच्या चित्रावर गेली. बियाण्याच्या टोपलीचं बूड. सवयीनं काड्या मोजल्या. सोळा. पुन्हा मोजल्या. सोळा. चिरलेली काडी नव्हती. ती पुसली होती.

मी उठलो. कमरेचे दुधी खडखडले आणि सगळा हॉल वळला. नाटकात असा प्रवेश भल्याभल्यांना मिळत नाही.

"मॅडम, ही टोपली विणून दाखवा."

"काका, नंतर बोलू."

"आत्ता. बांबू इथं आहे, कोयता इथं आहे. चित्रात सोळा काड्या आहेत. सोळांवर विणा."

त्या हसल्या, साहेबांकडे पाहून. "अहो, ते जरा सिमेट्रिकल केलंय फक्त. एक काडी चुकून दोनदा काढली होती तुम्ही."

"कुणी काढली होती?" मी विचारलं.

साहेबांनी भिंतीवरचं नाव पाहिलं, मला पाहिलं, मग घड्याळ पाहिलं. घड्याळ त्यांना सगळ्यात सोयीचं वाटलं. ते पुढच्या स्टॉलकडे गेले. त्यांच्यामागं सगळे गेले.

"माझी वही," मी म्हणालो.

"पुण्याच्या ऑफिसला आहे. काका, असं सगळ्यांसमोर बोलायचं का? मी तुमच्यासाठी किती केलं."

केलं होतं, खोटं कशाला बोलू. पेन्सिल त्यांनीच दिली होती. म्हणूनच ते जास्त लागलं. मी टोप काढून चटईवर ठेवला, दुधी सोडले, शर्ट शोधला, बटणं लावली. पहिलं बटण तिसऱ्या काजात गेलं. तसाच बसस्टँडवर गेलो.

वही अजून आलेली नाही. मी नवीन सुरू केलीय. गाळणी आठवली. सूप आठवलं. बियाण्याची टोपली आठवली, सतरा काड्यांसकट. माशांच्या सापळ्याच्या तोंडाशी अडकलो. तेव्हा विणलेला सापळा बाजारात विकला गेला, आणि आईसारखं तोंड पाड्यात दुसऱ्या कुणाला येत नाही. आत वळवायच्या काड्या किती, तेच आठवत नाही. आईला विचारलं. ती डावा हात उचलते. बोटं थरथरतात. दोन म्हणते की तीन, मला कळत नाही. दोनानं विणलं, मासा निसटला. तीनानं विणलं, मासा आत शिरेना. रोज विचारतो. रोज ती हात उचलते, आणि तिचे डोळे भरून येतात, कारण तिला माहीत असतं आणि सांगता येत नसतं. उत्तर पुण्यात एका कपाटात आहे.

दर मंगळवारी मी संस्थेच्या नंदुरबारच्या ऑफिसात जातो. वही मागतो. पुढच्या आठवड्यात, म्हणतात. मी पुढच्या आठवड्यात जातो. आता पाड्यातले आणखी सहा जण सोबत येतात. खुर्च्या कमी पडतात, तेव्हा आम्ही ऑफिसातल्या साहेबांच्या खुर्च्या घेतो.

चटईवर बसून मी आता कुणाला हात दाखवणार नाही. शिकायचं असेल त्यानं माझ्या अंगणात यावं, कोयता धरावा, बोट कापून घ्यावं आणि विचार करावा, जसा आम्ही करतो. आमचं जे जे कागदावर उतरेल त्याखाली आधी आईचं नाव असेल, मग माझं. नसेल तिथं मी तो कागद उतरवून फाडीन. हार घातलेल्या माणसांसमोर फाडीन.